उसनी पोरगी

यिनवाची कुइलान शेळ्यांना हाका मारू लागली की घळीपलीकडच्या यांगवात लोक हातातला वाडगा खाली ठेवत. मध्ये ढगाची सावली हरवून जाईल एवढी खोल घळ. पण त्या बाईच्या आवाजाला तिचं काही वाटत नसे. "आज कुणावर?" यांगवातली म्हातारी माणसं एकमेकांना विचारत. शेळ्यांवर, न पेटणाऱ्या चुलीवर, रुसून बसलेल्या सासूवर, उत्तरेच्या कोळसाखाणीत जाऊन राहिलेल्या नवऱ्यावर, कुणावरही. आईच्या पोटातून ही कुरकुरतच बाहेर आली असेल, असं लोक म्हणत. ते खरं नव्हतं. लहानपणी ती गप्प पोर होती. पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठत जावं तसा तिचा वैताग वर्षांमागून वर्षं साठत गेला, आणि टाकी एकदा काठोकाठ भरल्यावर थेंब पडला तरी पाणी बाहेर येतं.

यांगवा म्हणजे उन्हाची बाजू, यिनवा म्हणजे सावलीची. गान्सू प्रांतातल्या पिवळ्या मातीच्या डोंगरात अशी जोडगावं पुष्कळ. हिवाळ्यात ऊन आधी तिकडे उतरतं, इकडे यायला दुपार करतं, आणि आल्यासारखं करून निघून जातं. तिकडचा बर्फ वितळून गव्हाचे कोंभ वर आले तरी इकडे घरामागे मळका बर्फ पडलेलाच असतो. आणि सरकारने डोंगरात जे काही पाठवलं ते उन्हाची वाट धरून गेलं. विजेचे खांब तिकडे, मिठाचं दुकान तिकडे, शाळा तिकडे. कुइलानच्या खळ्यात उभं राहिलं की शाळेचं निशाण दिसे, घंटा ऐकू येई, पोरं एका सुरात धडा म्हणत ते शब्दन् शब्द कळे. यांगवातल्या माणसाशी अंगणात उभं राहून भांडता येई. पण त्याच्या हातात मिठाचा खडा द्यायचा तर घळ उतरून पुन्हा चढावी लागे, आणि पोचेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच आठवत नसे.

शिकण्याशी तिची स्वतःची गाठ एकदाच पडली होती. लग्न होऊन ती नुकती यिनवात आली होती. जिल्ह्यातून हुकूम आला की वर्ष संपायच्या आत डोंगरात एकही निरक्षर माणूस उरता कामा नये. मग संध्याकाळी बायका एका रिकाम्या कोठारात जमू लागल्या. हातात बुटांचे तळवे आणि दाभण, समोर फळा, आणि फळ्यापाशी बायकांना लाजणारा एक तरणा मास्तर. बाकीच्या गप्पा मारत तळवे शिवत. कुइलान मात्र तळवा मांडीवर तसाच ठेवून फळ्याकडे बघत बसे. माणूस, डोंगर, पाणी ही अक्षरं तिच्या हाताला आली. राखेवर, पिठावर, गाढवाच्या धुळकट पाठीवर ती अक्षरं काढू लागली. अजून थोडे दिवस मिळते तर नवऱ्याचं नाव आलं असतं. आणि एका संध्याकाळी मास्तर फळ्याऐवजी लाल पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन आला.

"झालं! तुम्ही सगळ्या साक्षर झालात."

"कशा झालो?" कुइलानने विचारलं. "पुस्तक अजून अर्धंसुद्धा झालं नाही."

"पुस्तक नसेल झालं काकू, पण तारीख झाली," मास्तर बिचारा खाली बघत म्हणाला.

तेव्हा ती काकू म्हणण्याच्या वयाची नव्हती. त्याचाही राग आला. साक्षरतेच्या दाखल्याची ती लाल पुस्तिका घरी आली. कुइलान तिच्या पानांमध्ये बुटांचे कागदी नमुने ठेवू लागली. नमुने मोडत नाहीत, एवढा त्या साक्षरतेचा उपयोग.

पुढे मुलगा झाला, मग मुलगी. मुलगा यांगवात मामाकडे राहून शिकला आणि तालुक्याला गेला. मुलीचं, चुनयानचं, काय करायचं यावर घरात कधी बैठक बसली नाही. शेळ्या होत्या आणि पोरगी होती. फी, वही, पुस्तक, घळीतली वाट, एकटी पोर; एवढं सगळं बोलून दाखवायची गरजच कुणाला पडली नाही. यिनवातल्या सगळ्याच पोरींचं असंच ठरलं होतं, म्हणजे ठरलंच नव्हतं.

शाळेला मात्र या पोरींची वर्षातून एकदा आठवण येई. दर शरदात जिल्ह्याची माणसं तपासणीला यायची. डोंगरातली सगळी पोरं शाळेत बसलेली त्यांना दिसली पाहिजेत, नाहीतर गावच्या पक्ष-सेक्रेटरीची मान खाली जायची आणि त्याच्या वरच्याची त्याहून खाली. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी जिन घळ ओलांडून यिनवात यायचा आणि घराघरातून पोरी मागून न्यायचा. शाळेत त्यांचे चेहरे धुवायचे, गळ्यात लाल रुमाल बांधायचे, हातात कुणाचं तरी पुस्तक द्यायचं आणि सांगायचं, "बाकीचे वाचतील तेव्हा नुसतं तोंड उघडायचं. आवाज काढायचा नाही. चुकाल." संध्याकाळी रुमाल काढून घ्यायचे आणि पोरी परत.

पहिल्या वर्षी कुइलानला याची गंमत वाटली. पोरीला एक दिवस शेळ्यांपासून सुट्टी मिळाली, चेहरा फुकटात धुऊन मिळाला. दुसऱ्या वर्षी तपासणी होऊन गेल्यावर ती एकदा बटाटे खणत होती. वर उतारावर शेळ्या, शेळ्यांपाशी चुनयान. पलीकडून धड्याचा सूर आला. कुइलानने सहज मान वर केली. चुनयान ताठ उभी होती, हात पाठीमागे बांधलेले, आणि घरट्यातलं पिल्लू चोच वासतं तसं तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज नाही. शेळी बटाट्याच्या पाल्यात शिरली तरी तिला पत्ता नाही.

"काय करतेयस गं?"

"वाचतेय," पोर म्हणाली.

त्या दिवशी कुइलान शेळीवर इतकी ओरडली की पलीकडे दुकानदार दारात येऊन उभा राहिला.

त्यानंतरच्या शरदात सेक्रेटरी जिन आला तेव्हा ती अंगणात सुपाने गहू पाखडत होती. जिन घाम पुसत दगडावर टेकला. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना खूश ठेवता ठेवता त्याच्या चेहऱ्यावर एक कायमचं अर्धं हसू चिकटून गेलं होतं, एवढंच.

"वहिनी, उद्या तेवढी पोरगी द्या."

"कुठली पोरगी?"

"आता घरात काय दहा आहेत का? चुनयान."

"ती शेळ्या वळते. तुमच्या जिल्ह्याला शेळ्या मोजायच्या असतील तर घेऊन जा."

"वहिनी, सकाळी सकाळी असं तोडून बोलू नका हो. यंदा मोठा साहेब येतोय. बाकं रिकामी दिसली तर माझं काही खरं नाही."

"मग भरा की बाकं. रोज भरा. उद्याच का?"

जिनने हसू जरा रुंद केलं. "फी द्याल? वह्या द्याल? शेळ्या कोण वळेल, तुमच्या सासूबाई?"

आतून, तापलेल्या कांगवरून, म्हणजे खालून जाळ घातलेल्या झोपायच्या ओट्यावरून, सासूबाई खोकल्या. "माझं नाव घेऊ नकोस रे जिन! तू उघडा हिंडायचास तेव्हापासून ओळखते तुला."

कुइलानने सूप खाली ठेवलं. वादात तिची बाजू कुठे लंगडी आहे ते तिला कळत होतं आणि म्हणून ती जास्त चिडली होती. फी खरी होती. शेळ्या खऱ्या होत्या. तिने पोरीकडे पाहिलं. चुनयान आधीच रांजणापाशी जाऊन चेहरा धूत होती.

"न्या," ती म्हणाली. "पण या वेळी मी बरोबर येणार."

"तुम्ही कशाला?"

"माझी वस्तू कुठे ठेवता ते बघायला."

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन घळ उतरली. बरोबर शेजारची युएशिया आणि तिची मुलगी. युएशिया हसऱ्या तोंडाची. जगातली कुठलीही गोष्ट तिला पुरेशी विनोदी वाटे. "कुइलान, आपण पोरी भाड्याने द्यायचा धंदा काढू या. लग्नात वाजंत्रीवाल्यांना निदान जेवण तरी मिळतं."

शाळेच्या अंगणात रांगोळीसारखा चुना टाकला होता. वर्गात नवी दिसणारी बाकं, भिंतीवर नकाशा, टेबलावर पृथ्वीचा निळा गोल. बायकांना अंगणाबाहेर थांबायला सांगितलं होतं. कुइलान मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. ज्या बाईला बाहेर थांबायला सांगितलं आहे तिने नेमकं कुठे थांबावं हे कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब आला. धडा झाला. चुनयानचं तोंड सगळ्यांबरोबर उघडत होतं, मिटत होतं. साहेब खूश दिसला. मग त्याने विचारलं, "सगळ्यात लांबून कोण येतं?" हेडमास्तर फान गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं, पण यांगवातल्या पोरांनी बोटं करून टाकली होती. "ही! ही यिनवाची! घळीपलीकडून!"

चुनयान उभी राहिली.

"शाब्बास," साहेब मायेने म्हणाला. "रोज एवढी चढउतार करतेस? मग आज काय शिकलीस ते सांग बघू."

चुनयानने हात पाठीमागे बांधले. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. ओठ नीट, धड्याच्या चालीवर हलत होते. तिला सांगितलं होतं तेच ती करत होती, आणि मन लावून करत होती. फान गुरुजी टेबलावरच्या गोलाकडे बघत राहिले.

साहेब हसला. "लाजाळू आहे," म्हणाला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पुढच्या वर्गाकडे वळला.

खिडकीशी युएशियासुद्धा हसली नाही. गजाला धरलेला हात सोडवायला कुइलानला थोडा वेळ लागला. येताना वाटेत ती एक शब्द बोलली नाही. आणि कुइलान बोलत नाही म्हटल्यावर युएशियाला धास्ती वाटली.

सकाळी शेळ्या खोपट्यातच होत्या. कुइलानने चुनयानच्या वेण्या घातल्या, आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, आज शेळ्या तुमच्याकडे."

"कुठे निघालीस?"

"उसनवारीचा हिशेब करायला."

ती शाळेत पोचली तेव्हा अंगणात तीनचाकी उभी होती. ड्रायव्हर आणि फान गुरुजी मिळून बाकं चढवत होते. निळा गोल आधीच पुढच्या सीटवर बसला होता. कुइलान बघतच राहिली.

"हे कुठे चाललं?"

"परत," फान गुरुजी धापा टाकत म्हणाले. "बाजारगावच्या शाळेचं आहे. आज त्यांच्याकडे तपासणी."

"म्हणजे बाकंसुद्धा उसनी?"

"आणि गोलसुद्धा. आणि नकाशा. अंड्यासारखा जपून आणलाय तो. तुम्ही कशाला आलात, आज शाळा आहे."

"म्हणूनच आले. पोरगी आणलीय."

"तपासणी काल होती."

"माहितीय. मी खिडकीत होते."

गुरुजींनी बाकाचं टोक खाली ठेवलं. पन्नाशीचा माणूस, खडूने कायमचा पांढरा झालेला, कोटाच्या दोन्ही कोपरांना ठिगळं. त्यांनी काही म्हणायच्या आत कुइलान जाऊन त्या बाकावर बसली आणि चुनयानला शेजारी बसवलं.

"गुरुजी, तुमच्या घरात कुणाचं वाडगं उसनं आणलं तर कसं परत करता?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा तर."

"त्यात काहीतरी घालून. रिकामं कोण परत करतं?"

"कोणीच नाही. माझ्या सासूने आयुष्यात रिकामं वाडगं परत केलं नाही. घरात काही नसलं तर चार बटाटे, तेही नसले तर मूठभर मोहरी घालते. आणि तुम्ही माझी पोर तीन तीन वेळा नेलीत आणि रिकामी पाठवलीत. रिकामी म्हणजे कशी? जाताना निदान आवाज होता तिच्यात!"

ड्रायव्हर घसा खाकरून म्हणाला, "मावशी, उठा. मला दुपारच्या आत पोचायचंय."

"तू चढव बाक. आम्ही बसतो त्यावर. हे बाक जिथे जाईल तिथे हिचा वर्ग."

"गुरुजी, आता काय करू?" ड्रायव्हर म्हणाला. "बाई चढवायच्या का?"

तेव्हा फान गुरुजी फुटले. इतकी वर्षं कुणी त्यांना मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. "तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे याची? दोन खोल्या, एक मी, आणि हाताखाली शिकवणारा एक तो पोरगा, ज्याला पगार सहा महिन्यांनी मिळतो! छप्पर गळतं म्हणून अर्ज करतो तर उत्तर येतं की तुमच्या शाळेत सगळं उत्तम आहे, तपासणीत पाहिलं! दरवर्षी मीच बाकं आणून दाखवतो आणि दरवर्षी मला बाकं मिळत नाहीत, कारण बाकं आहेत! तुमची पोर घेऊ? कुठे बसवू? माझ्या डोक्यावर?"

वर्गाच्या दारात पोरं जमली होती. कुइलान उठून उभी राहिली. त्या माणसाचा आरडाओरडा ऐकून तिला एकदम बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत तिच्या तोडीचं कुणी भेटलं नव्हतं.

"बसायचंच अडलंय ना?" ती म्हणाली.

"बसायचं, लिहायचं. जागा भिंतीपाशी आहे थोडी. टेकायला काही नाही."

"फी?"

गुरुजींनी आकाशाकडे पाहिलं. "तिची हजेरी जिल्ह्याच्या हिशेबी आहेच. मी फी मागायला गेलो तर विचारतील, आजवर का नाही घेतली. फी राहू द्या. पण पुस्तक मी देऊ शकत नाही."

"पुस्तक शेजारणीच्या पोरीत आणि हिच्यात मिळून एक घेऊ. तीही येईल."

"अजून एक?" गुरुजी कळवळले.

"दोन वाडगी नेली होतीत, गुरुजी."

दुपारपर्यंत कुइलान घरी जाऊन परत आली. पाठीवर दोरीने बांधलेलं कांगवरचं बुटकं टेबल होतं, ज्याच्याभोवती सगळं घर जेवत असे. सासूबाई दारापर्यंत मागे आल्या होत्या. "अगं ए! आता वाडगं कुठे ठेवू मी? मांडीवर? या वयात गरम सूप मांडीवर घेऊ?" कुइलान घळ अर्धी उतरली तरी ते ऐकू येत होतं. चढावर टेबलाचे पाय तिच्या पाठीत टोचत होते आणि ती वाटभर सगळ्यांना शिव्या घालत होती: सुताराला, घळीला, जिल्ह्याला, तारखेला, लांब खाणीत बसलेल्या नवऱ्याला, देफूला, आणि हे आधी का सुचलं नाही म्हणून स्वतःला.

मागच्या भिंतीपाशी टेबल ठेवलं. दोन्ही पोरी जमिनीवर मांडी घालून त्याच्यापाशी बसल्या. गुरुजींनी चुनयानला विचारलं, "तुझं नाव सांग." पोरीने आईकडे पाहिलं, मग गुरुजींकडे, आणि तोंड उघडलं.

"मोठ्याने!" कुइलान खिडकीतून ओरडली. सगळा वर्ग दचकला.

"चुनयान," पोर म्हणाली. आवाज घोगरा, मधेच फाटलेला, पण होता.

"तुम्ही जा आता," फान गुरुजी खिडकी लावत म्हणाले.

त्यानंतर सुख लागलं असं काही झालं नाही. सासूबाई मांडीवरचं वाडगं मुद्दाम सांडू लागल्या. शेळ्या कुइलानच्या गळ्यात पडल्या, आणि शेळ्यांनाही नवं माणूस पसंत नव्हतं. सेक्रेटरी जिनने दोन महिने तिच्याशी बोलणं टाकलं; मग स्वतःच्याच सवयीने हसू लागला. यिनवातल्या बाकीच्या बायका म्हणाल्या, तुझं बरं, तुला तोंड आहे. त्यांच्या पोरी घरीच राहिल्या. "अहो, तुम्हालाही तोंड आहे!" कुइलान त्यांच्यावर ओरडे. त्या हसत आणि आपापल्या कामाला लागत. याचा तिला सगळ्यात जास्त वैताग येई, आणि त्यावर तिला कधीच काही करता आलं नाही.

पहिला बर्फ पडला तेव्हा चुनयान एका संध्याकाळी फुरंगटून घरी आली. गुरुजींनी अर्धा दिवस उभं केलं होतं. वर्गातल्या शेगडीसाठी प्रत्येकाने लाकूड नाहीतर कोळसा आणायचा होता, आणि ती रिकाम्या हाताने गेली होती.

"सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं होतं. तू शेळीवर ओरडत होतीस."

दुसऱ्या दिवशी कुइलानने सुकलेल्या काटेरी झुडपांच्या फांद्या तोडल्या, मोळी बांधली आणि बर्फातून घळ ओलांडली. मनात भांडणाची सगळी तयारी होती. एवढी लांबून येणारी पोर, तिला उभं करता? निदान सांगायचं तरी! वाक्यं जुळवून झाली होती.

फान गुरुजी दारात उभे राहून आलेली लाकडं बघत होते. पुढे यांगवातल्या दोन बाया, एक आजोबा. आजोबांची लाकडं ओली म्हणून गुरुजी त्यांच्यावर कावले होते. मग तिची पाळी आली, आणि गुरुजी त्याच सुरात म्हणाले,

"चुनयानची आई ना? ठेवा तिकडे, ढिगावर. आणि काल तिने गणित केलं नाही. घरी लक्ष द्या जरा."

कुइलानने तोंड उघडलं. मागचा माणूस म्हणाला, "सरका हो बाई, हात गारठलेत." तिने मोळी ढिगावर टाकली, अंगावरचा बर्फ झटकला, आणि जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन तणतणत परत निघाली; शेळ्या अजून खोपट्यातच होत्या.